पंधरा लाखांचे वेतन आणि मुंबईचा संसार

(व्याख्यानाचा लेखी पाठ)



वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत एकेकाळी 'व्यवसाय' या रकान्याला जे महत्त्व होते, ते आता 'वार्षिक उत्पन्न' या रकान्याकडे गेले आहे. पूर्वी तेथे 'शेती व अडत दुकान' किंवा 'यंत्रमाग' एवढेच लिहिलेले असे आणि वाचणारा त्यावरून घराचा, माणसांचा, दारातल्या गोठ्याचादेखील अंदाज बांधी. आता 'मुंबई, पॅकेज १५ लाख' असे लिहिलेले असते आणि त्यावरून कसलाच अंदाज बांधता येत नाही. तरीही बांधला जातो, ही अडचणीची गोष्ट. सांगली, इचलकरंजी, निपाणी किंवा बेळगाव येथे बसून पंधरा लाखांस बाराने भागले की सव्वा लाख येतात. महिना सव्वा लाख मिळवणाऱ्या मुलाने घरी दहाच हजार का पाठवावेत, असा प्रश्न मग वडिलांच्या मनात उभा राहतो. मुलगा उत्तर देत नाही. त्याला वाटते, खरे सांगितले तर आपली किंमत कमी होईल. वडिलांना वाटते, मुलगा उधळ्या झाला किंवा सुनेच्या सांगण्यात गेला. बहुतेक वेळी या दोहोंपैकी काहीच घडलेले नसते. हिशेब मात्र कोणीच मांडलेला नसतो.

तो येथे एकदा मांडून पाहावयाचा आहे. आकडे एका कल्पित कुटुंबाचे आहेत, परंतु करांचे व कपातींचे नियम खरे आहेत.

पॅकेज म्हणजे पगार नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. मालकाला त्या नोकरावर वर्षभरात जो एकूण खर्च येईल असे तो म्हणतो, त्याचे नाव पॅकेज. पंधरा लाखांपैकी मूळ वेतन साडेसात लाख धरले, तर त्यावर बारा टक्क्यांनी मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा ९०,००० रुपये होतो. तो पॅकेजमध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ४.८१ टक्क्यांनी, म्हणजे ३६,०७५ रुपये, हीही त्यातच. कायम नोकरीतील माणसाला ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षे झाल्यावर मिळते आणि आजचा तरुण पाच वर्षे एका ठिकाणी क्वचितच टिकतो. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत ती रक्कम कागदावरच जन्मते आणि कागदावरच संपते. त्याखेरीज दहा टक्के, म्हणजे दीड लाख, कामगिरीवर अवलंबून असणारा भाग असतो. तो वर्षअखेरीस मिळेल, कमी मिळेल किंवा मिळणारही नाही. एवढे वजा केले की १२,२३,९२५ रुपये उरतात. त्यातून नोकराचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा पुन्हा ९०,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये गेला, की महिन्याला हाती येतात सुमारे ९४,२८५ रुपये. सव्वा लाख नव्हेत. भविष्यनिर्वाह निधी ही बचत आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु वाण्याला ती देता येत नाही.

प्राप्तिकराचा विचार अजून केलेला नाही, कारण येथे एक गंमत आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचे करपात्र उत्पन्न सवलतीद्वारे करमुक्त केले. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाख होते. वरील उदाहरणातला दीड लाखांचा भाग मिळाला नाही, तर या तरुणाला कर शून्य. तो पूर्ण मिळाला, तर करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या पलीकडे जाते, सवलत जाते आणि उपकरासह सुमारे ७७,८०० रुपये कर बसतो. म्हणजे दीड लाखांच्या बक्षिसातून हाती ७२ हजारच येतात. वर्षभर त्या दीड लाखांच्या भरवशावर पंखा-फ्रिज, लग्नकार्य, यात्रा असे बेत केलेले असतात. निम्म्याहून अधिक रक्कम कराच्या रूपाने वाटेतच थांबते, हे पगारपत्रक हाती आल्यावर कळते.

असो. ९४ हजारही रक्कम म्हणून लहान नाही. इचलकरंजीत स्वतःच्या घरात राहून एवढे मिळाले, तर माणूस सुखी म्हणावा. मुंबईत त्याचे काय होते?

पती-पत्नी, चार-पाच वर्षांचे एक मूल, एकाचाच पगार, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात आणि बिऱ्हाड मालाड-गोरेगावच्या बाजूला, अशी कल्पना करू. एका शयनगृहाच्या जागेचे भाडे ३८ हजार धरू. याहून कमी क्वचित मिळेल, अधिक सहज मिळेल. धान्य, दूध, भाजी, फळे यांना सोळा हजार. वीज, गॅस, दूरध्वनी, इंटरनेट पाच. धुणेभांड्यांच्या बाईंना पाच. मुलाची शाळा व तिची गाडी आठ. सर्वांचा प्रवास सहा. गावाकडे आई-वडिलांना दहा आणि त्यांच्या वैद्यकीय विम्यासाठी महिन्याला चार. बेरीज ९२ हजार होते. उरले सव्वादोन हजार. यात कपडे नाहीत, औषध नाही, गावी जाण्यायेण्याचे तिकीट नाही, दर अकरा महिन्यांनी करार संपला की दलालाला द्यावे लागणारे एक महिन्याचे भाडे नाही, सामान हलवणाऱ्या टेम्पोचे पैसे नाहीत. कोणीही चैन केलेली नाही. तरीही महिना शिलकी न राहता तुटीचा होतो आणि ती तूट क्रेडिट कार्डावर जाते. तेथून पुढची वाट उताराची आहे.

या यादीत एकच रक्कम अशी आहे की जी इतर सर्वांना गिळते, आणि ती म्हणजे जागेचे भाडे. हे नेहमीच असे नव्हते. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने गिरणगावातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि १९२३ साली तिचा अहवाल छापला. त्यात कुटुंबाच्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात असल्याचे आणि भाड्यावर दशांशाहूनही कमी जात असल्याचे दिसून आले. अर्थात त्या भाड्यात मिळे ती चाळीतली एकच खोली, सामायिक नळ आणि सामायिक संडास. बहुतेक सारी कुटुंबे अशाच एका खोलीत राहत. गिरणी कामगार गरीब होता, कर्जबाजारीही होता, पण त्याचा पैसा पोटावर खर्च होत होता. आजच्या सुशिक्षित नोकरदाराचे पोट भरते आणि पैसा भिंतींवर खर्च होतो.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत देशातील नागरी भागाचा दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये आला आणि त्यात भाड्याचा वाटा अवघा साडेसहा टक्क्यांच्या आसपास. हे वाचून कोणी म्हणेल, मग ओरड कशाची? परंतु ही सरासरी आहे. स्वतःच्या घरात राहणारे असंख्य लोक तीत मोजलेले आहेत आणि ते भाडे देतच नाहीत. नवी नोकरी घेऊन आलेला माणूस सरासरीत राहत नाही, तो भाड्याच्या घरात राहतो. सरकारने आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी मुंबईला वरच्या वर्गात टाकून मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरभाडे भत्ता ठरवला, यातही त्याची कबुली आहे. वरील उदाहरणात तर ३८ हजार म्हणजे हाती येणाऱ्या रकमेच्या चाळीस टक्के झाले.

मुंबईत जागा इतकी महाग का, याचे उत्तर 'बेट आहे म्हणून' एवढेच दिले जाते. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कायद्यांच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूचे रक्षण करावे हा हेतू योग्यच होता. परंतु ही तात्पुरती सोय पन्नास वर्षे टिकली. महागाई वाढत गेली, भाडे तेथेच राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली आणि भाड्याने देण्यासाठी इमारत बांधण्याचा धंदाच कोणी करेनासे झाले. जुनी खोली पागडी मोजल्यावाचून मिळेना. पुढे १९९९ चा नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के वाढीस मुभा दिली. तोवर अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' कराराची रीत घट्ट बसली होती, आणि आजचा तरुण राहतो तो याच करारावर. एका पिढीला नाममात्र भाड्यात जन्मभराचे घर मिळाले आणि तिच्या नातवंडांच्या पिढीला अकरा महिन्यांचे बिऱ्हाड. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानेही मोकळी जमीन बाजारात येण्याऐवजी खटल्यांत अडकली. महाराष्ट्राने तो २००७ साली रद्द केला. यातला कोणताही निर्णय त्या तरुणाने घेतलेला नाही. भाडे मात्र तो देतो.

मग दूर राहावे, असा सल्ला वडीलधारे देतात. डोंबिवलीला तेवढीच जागा सोळा हजारांत मिळते असे धरले, तर महिन्याला २२ हजार वाचतात. मोबदल्यात प्रवास रोज दोन तासांनी वाढतो. महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरता चव्वेचाळीस तास झाले. म्हणजे एका तासाला ५०० रुपये वाचले. आता त्या तरुणाची कमाई तासाला किती? रोज नऊ तास धरून ९४,२८५ रुपयांस भागले तर ४७६ येतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघावेत, यात योगायोग कमी आणि बाजाराची चतुराई अधिक आहे. जवळच्या घराचा मालक केवळ भिंतींचे भाडे घेत नाही, भाडेकरूच्या वेळेचेही घेतो, आणि पुरेपूर घेतो. हिशेबाने पाहता दूर राहण्यात तोटा नाही. परंतु हे दोन तास दिवसातले कोणते, हे हिशेब सांगत नाही. मूल जागे असते ते हेच तास. आणि लोकलच्या गर्दीचा धोका कोणत्याच रकान्यात बसत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी धावत्या गाड्यांतून खाली पडले, त्यांतील काही दगावले.

पत्नीने नोकरी करावी, हा दुसरा मार्ग. तो आज बहुतेक घरांत स्वीकारला गेला आहे आणि मुली शिकल्या आहेत तर ते व्हावयासच हवे. मात्र तिचे पन्नास हजार हाती आले की पन्नास हजारांनी शिल्लक वाढते, हा समज चुकीचा आहे. पाळणाघर, तिचा प्रवास, स्वयंपाकाच्या बाई, धावपळीत बाहेरून आणलेले जेवण, यांत वीस हजार सहज जातात. तरीही तीस उरतात आणि घर सावरते, हे मान्य केले पाहिजे. पाळणाघराऐवजी पुष्कळदा गावाकडून आजी येते. तिच्या श्रमाला कोणी भाव लावत नाही. ती दिवाणखान्यातल्या सोफ्यावर निजते, आजोबा गावी एकटे डबा लावून जेवतात, आणि शेजारीपाजारी म्हणतात, मुलाने आईला मुंबईला नेले, भाग्यवान आहे. मोठ्या शहरातल्या कित्येक मोठ्या पगारांमागे अशी एक आजी उभी आहे. पॅकेजच्या आकड्यात तिला जागा नाही.

आता सर्वांत नाजूक विषय. 'मुंबईत स्वतःचा फ्लॅट आहे का?' हा प्रश्न सोयरिकीत विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरासाठी गावाकडची जमीन किंवा दुकानाचा गाळा विकला जातो. अशी विक्री दरवर्षी कोठे ना कोठे होते, म्हणून हा हिशेब सविस्तर पाहणे भाग आहे.

मालाडची तीच जागा जुन्या इमारतीत १ कोटी २० लाखांना मिळते असे धरू. बँका साधारणपणे हाती येणाऱ्या पगाराच्या निम्म्याइतकाच हप्ता मान्य करतात. ९४ हजारांच्या निम्मे ४७ हजार. आठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी लाखाला सुमारे ८३६ रुपये हप्ता बसतो. त्या मानाने कर्ज मिळेल ५६ लाख. उरलेले ६४ लाख रोख. त्यावर मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. खरेदी स्त्रीच्या नावे असेल, तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तिचा लाभ अवश्य घ्यावा. सवलत न धरता एकूण साडेएकाहत्तर लाख रोख उभे करावे लागतात. तीस वर्षांच्या तरुणाजवळ ते असणे शक्य नाही. ते येतात वडिलांच्या सातबाऱ्यातून.

हेच साडेएकाहत्तर लाख वडिलांच्या नावे मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी राहिले, तर महिन्याला सुमारे ३८,७०० रुपये व्याज येते. म्हणजे मालाडच्या घराचे भाडे त्या व्याजातच भागते, आणि मुद्दल वडिलांपाशी राहते. वडिलांना अन्य मोठे उत्पन्न नसेल, तर त्या व्याजावर नव्या प्रणालीत करही लागत नाही. उलट घर घेतले, तर हे व्याज गेले, आणि वर ४७ हजारांचा हप्ता व सोसायटीचा मासिक खर्च आला. सोळा, पाच, पाच, आठ, सहा हे बाकीचे आकडे जसेच्या तसे उभे आहेत. प्रथम काट लागते ती गावाकडे जाणाऱ्या दहा हजारांना. ज्यांची जमीन विकली त्यांचेच दहा हजार बंद होतात. हे कोणी दुष्टपणाने करत नाही, पण होते असेच.

याला प्रतिवाद आहे आणि तो निराधार नाही. भाडे दरवर्षी वाढते, ठेवीचे व्याज वाढत नाही. वीस वर्षांनी भाडेकरूपाशी पावत्या असतात आणि मालकापाशी घर. मुंबईतील जागांच्या किमतींनी पुष्कळांना श्रीमंत केले, हेही खरे. दोघेही कमावते असतील, नोकरी स्थिर असेल आणि रोख रकमेचा मोठा भाग स्वतःच्या बचतीतून उभा झाला असेल, तर घर घेण्यात शहाणपण आहे. आक्षेप घराला नाही. तीस वर्षांच्या मुलाच्या परिचयपत्रातील एका ओळीसाठी साठीतल्या माणसाचा आधार विकण्याला आहे. मुलींच्या पालकांनीही यात आपला वाटा ओळखावा. ज्या घरात मुलगी देतात, त्या घरातल्या सासऱ्याला निराधार करून तिचे सुख वाढत नाही.

तेव्हा पंधरा लाख मुंबईत पुरतात का? अविवाहित तरुणाला पुरतात, इतकेच नव्हे तर उरतात. तिघांनी मिळून दोन शयनगृहांची जागा ५५ हजारांना घेतली, तर प्रत्येकी १८ हजारांच्या आसपास भाडे येते. नीट राहून महिन्याला चाळीस हजार बाजूला पडू शकतात. हीच चार-पाच वर्षे पुढच्या पंचवीस वर्षांचा पाया आहेत, आणि नेमकी हीच वर्षे नव्या मोटारसायकलीत, महागड्या दूरध्वनीत आणि मित्रांच्या लग्नांत जातात. एकट्याच्या पगारावर संसार व मूल असेल तर जवळ राहून पुरत नाहीत, दूर राहून जेमतेम पुरतात. दोघे कमावते असतील तर पुरतात. तेथे मग पैशाऐवजी वेळ तुटपुंजा पडतो.

जागेची ही अडचण समाजापुढे नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी खेड्यापाड्यांतली मुले शिकण्यासाठी शहरात निघाली, तेव्हा फीपेक्षाही 'राहणार कोठे' हा प्रश्न मोठा होता. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी (१८५१–१९१४) तो नेमका ओळखला आणि मुंबईत पित्याच्या नावे बोर्डिंग उभारले. हिराबाग धर्मशाळाही त्यांचीच. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही बोर्डिंगांच्या कार्यास अग्रस्थान दिले. त्या काळी शिक्षण संपले की नोकरी आणि नोकरीबरोबर चाळीतली खोली मिळे. म्हणून बोर्डिंगची जबाबदारी पदवीपाशी संपत असे. आज अडचण पदवीनंतर सुरू होते. नोकरीचे पत्र हाती येते, पहिला पगार महिनाअखेरीस, आणि घरमालकाला अनामत रक्कम, पहिले भाडे व दलाली मिळून लाख-दीड लाख रुपये चावी मिळण्यापूर्वी मोजावे लागतात. हे पैसे नसतात म्हणून मुलगा पहिल्याच महिन्यात जास्त व्याजाचे वैयक्तिक कर्ज काढतो आणि दोन वर्षे ते फेडत राहतो.

शिष्यवृत्तीचा निधी बहुतेक न्यासांकडे असतो. अनामतीचा निधी कोठे फारसा आढळत नाही. एखाद्या न्यासाने तीस लाख रुपये केवळ या कामासाठी बाजूला ठेवले, तर प्रत्येकी दीड लाखाप्रमाणे वीस तरुण-तरुणींना चावी मिळू शकते. अनामत रक्कम ही खर्च होणारी नव्हेच. करार संपला की मालकाकडून ती परत यावयाची असते. दोन वर्षांत मासिक हप्त्यांनी ती न्यासाकडे फेडावयाची म्हटले, तर हप्ता ६,२५० रुपये पडतो आणि तेच तीस लाख पुढच्या वीस जणांना मिळतात. कराराची नोंदणी झालेली असावी, रक्कम घरमालकाच्या खात्यात थेट जावी, जामीन म्हणून गावातील दोन सभासदांच्या सह्या असाव्यात, आणि मुली अर्ज करतील तेव्हा त्यांना वडिलांची सही आणावयास सांगू नये.